आवक-जावकचे भगवंतराव

भगवंतराव बिरादार मूळचे उदगीरकडचे. घरची शेती थोरल्या भावावर सोपवून ते शिकायला हैदराबादला आले आणि लाकडी खोकी बनवणाऱ्या एका सरकारी महामंडळात चिकटले. आंबे, मोसंबी, द्राक्षं भरायची खोकी. भगवंतराव आवक-जावक विभागात होते. बाहेरून आलेल्या कागदावर तारखेचा शिक्का मारून तो आत घ्यायचा आणि आतल्या कागदावर शिक्का मारून तो बाहेर सोडायचा, एवढंच काम. पण ते असं गंभीरपणे करत, की समोरच्याला वाटावं, शिक्का बसेपर्यंत हा कागद जन्मालाच आला नव्हता.

नव्वदीनंतर बाजारात पुठ्ठ्याची खोकी आली. हलकी, स्वस्त, वर रंगीत छपाई. लाकडी खोकं कुणी विचारीना. सरकारनं महामंडळाला कुलूप लावायचं ठरवलं आणि सगळ्यांना स्वेच्छानिवृत्ती दिली. त्यातल्या 'स्वेच्छा' या शब्दाला भगवंतरावांनी लेखी हरकत घेतली. ती त्यांनी स्वतःच आवक करून घेतली. तिला उत्तर द्यायला मात्र इमारतीत कुणी उरलं नव्हतं.

ते नल्लकुंट्यातल्या घरी येऊन बसले, आणि खरी अडचण झाली ती गंगूबाईंची, त्यांच्या बायकोची. किराण्याची पिशवी आली की भगवंतराव दारातच ती अडवत, हातातल्या चिठ्ठीशी ताडून बघत आणि मगच स्वयंपाकघरात सोडत. कॉलेजात जाणाऱ्या मुलीच्या, शिल्पाच्या मैत्रिणी आल्या की विचारत, "नाव काय? कुणाकडे काम आहे?" मैत्रिणी यायच्या बंद झाल्या. पोस्टमन तर पत्रं कुंपणावरून फेकून पळायला लागला.

एक दिवस भगवंतरावांच्या जुन्या शर्टाच्या खिशात ऑफिसच्या ड्रॉवरची किल्ली सापडली. टेबल तर लिलावात गेलं होतं. दुसऱ्याच्या टेबलाची किल्ली आपल्याकडे राहिली म्हणून ते अस्वस्थ झाले. गंगूबाई म्हणाल्या, "मग जा की देऊन या. आणि घाई करू नका, सावकाश या."

महामंडळाचं सगळं फर्निचर विकत घेतलं होतं चेतन नावाच्या तरुणानं. चेतन बरकतपुऱ्याचा, वडील वकील, आजोबा निजामाच्या काळात मास्तर. घरच्यांची इच्छा मोडून तो टीव्हीच्या धंद्यात पडला होता. तेव्हा गल्लीगल्लीत केबलच्या वायरी लोंबायला लागल्या होत्या आणि गावातल्या केबलवाल्यांना दाखवायला काही ना काही हवं असे. चेतन त्यांच्यासाठी एक मालिका काढत होता. नाव 'साब दौरे पे हैं'. एक सरकारी ऑफिस. तिथला साहेब कायम दौऱ्यावर, कधी दिसतच नाही. आणि त्याच्या मागे उरलेली माणसं. भाषा आपली हैदराबादी हिंदी. तारनाक्याजवळच्या एका रिकाम्या गोदामात त्यानं ऑफिस उभं केलं होतं.

भगवंतराव किल्ली घेऊन गोदामात शिरले आणि दारातच थबकले. त्यांचंच टेबल, त्यांचीच खुर्ची, तीच गंजकी रॅक. पण सगळं भलत्याच जागी.

"आवक-जावक खिडकीपाशी?" ते समोरच्या चेतनला म्हणाले. "वारा आला की कागद उडून साहेबाच्या आधी रस्त्यावर जाईल."

"काका, आपण कोण?"

"मी या टेबलाचा." भगवंतरावांनी किल्ली पुढे केली. "पोच द्या."

चेतनला वाटलं, म्हातारा गंमत करतोय. तो हसला. भगवंतराव हसले नाहीत. चेतननं त्यांच्याकडे जरा नीट पाहिलं, किल्ली मिळाल्याची पोच लिहून दिली आणि विचारलं, "काका, या टेबलावर बसाल का? सीरियलमध्ये?"

"काम काय?"

"हेच. आवक-जावक."

भगवंतरावांनी एकच अट घातली, नेमणुकीचा हुकूम लेखी हवा. मालिका विनोदी आहे का, हे त्यांनी विचारलं नाही आणि चेतननंही सांगितलं नाही. त्यांची समजूत अशी झाली, की ऑफिस कसं चालावं हे लोकांना दाखवायचं आहे.

शूटिंगच्या पहिल्या दिवशी त्यांच्यासमोर खलीलभाई आले. खलीलभाई जुन्या शहरातले, लग्नकार्यात, जलशात लोकांना हसवण्यात हयात गेलेली. मालिकेत ते चपराशी होते. प्रसंग साधा होता. चपराशी रजेचा अर्ज आणतो, बाबू थोडी कुरकुर करून शिक्का मारतो. खलीलभाईंनी अर्ज पुढे केला. भगवंतरावांनी तो उलटसुलट पाहिला आणि परत केला.

"इसपे तारीख नहीं है."

हे लिहिलेल्या संवादात नव्हतं. खलीलभाई मुरलेले, ते न डगमगता म्हणाले, "साब, तारीख डालतूं तो छुट्टी कल से पड़ती. मेरे कू आज से होना."

"आज से होना तो कल की तारीख का अर्ज होना था."

"कल मालूमइच नहीं था ना, साब, ससुर आज मरेंगे बोलके!"

भगवंतराव विचारात पडले. खरोखरच पडले. मग म्हणाले, "उनका कुछ कागज है?"

कॅमेरामननं खांद्यावरचा टॉवेल तोंडात कोंबला. मेकअपवाली मुलगी बाहेर पळाली. चेतन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. भगवंतरावांना वाटलं, रॅकवरच्या धुळीनं सगळ्यांना ठसका लागलाय. दुसऱ्या दिवशी ते घरून फडकं घेऊन गेले.

पहिला भाग शनिवारी संध्याकाळी लागला. घरात शेजारपाजार जमला होता. गंगूबाईंनी चिवडा केला होता. भगवंतराव इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसले. पडद्यावर त्यांनी अर्ज परत केला, आणि टीव्हीतून हशा ऐकू आला. चेतननं तो मागाहून भरला होता. मग घरातली माणसंही हसायला लागली. शिल्पा तर पोट धरून लोळली. "बाबा, यू आर टू मच!" ती म्हणाली.

माणसं पांगल्यावर भगवंतरावांनी चिवड्याच्या वाट्या गोळा करणाऱ्या बायकोला विचारलं, "गंगू, ऑफिसात पण असंच हसत असतील का मला?"

गंगूबाई थांबल्या. "हसले असतील," त्या म्हणाल्या. "पण कुलूप लागल्यावर सगळं ऑफिस तुम्हाला भेटायला घरी आलं. मी चहा करून करून थकले. साहेबाकडे कोण गेलं होतं?"

भगवंतराव उठून उरलेल्या वाट्या गोळा करायला लागले.

पण ते जिद्दी. लोकांना हसायचंच आहे ना, मग हसवून दाखवतो, असं त्यांनी मनाशी ठरवलं. पुढच्या शूटिंगला ते आले तेच एक भिवई वर चढवून. अर्ज घेताना डोळे फिरवले. उठताना मुद्दाम खुर्चीत अडकले. खलीलभाईंच्या प्रत्येक वाक्यावर आपणच आधी खो खो हसले. घरी आरशासमोर तालीम करत. गंगूबाईंनी एकदा घाबरून डॉक्टरांना बोलवायची तयारी केली होती. एका भागात तर ते केळ्याच्या सालीवरून घसरले. साल त्यांनी घरूनच आणली होती.

कुणी हसेना. लोक शनिवारी बातम्या बघायला लागले. केबलवाल्यांनी चेतनला निरोप धाडला, पुढची मालिका कोणती काढताय? चेतन मोठ्या माणसाला बोलायला संकोचत होता. शेवटी खलीलभाईच भगवंतरावांना जवळच्या इराणी हॉटेलात घेऊन गेले आणि दोन चहा सांगितले.

"भगवंतराव साब, एक बात पूछूं? ये हँसाने का काम आपकू किसने बोला?"

"आपही लोगांने."

"नक्को साब, नक्को. वो मेरा धंदा है, मेरे कू मालूम. चुटकुला एक बार हँसाता. दूसरी बार सुनाए तो लोगां उठके जाते. हर हफ्ते नया चुटकुला किधर से लाना? मगर आदमी हर हफ्ते वोइच जिद करे तो हर हफ्ते हँसी आती. मेरे कू छुट्टी होना, आपकू तारीख होना. दोनों सच्चे. बस."

"म्हणजे मी येडा दिसतो," भगवंतराव मराठीत म्हणाले. पण खलीलभाईंना मराठी कळत होती.

"नहीं साब. आप एकदम सही दिसते. सही आदमी और कोई हैइच नहीं वहाँ, इस वास्ते हँसते."

भगवंतरावांनी चहा संपवला, पण बोलणं काही त्यांच्या गळी उतरलं नाही. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा भिवई चढवूनच आले.

त्याच दिवशी प्रायोजक आले. बुडती मालिका तारायला चेतननं कुठून तरी एक कंपनी गाठली होती, आणि ती नेमकी पुठ्ठ्याची खोकी बनवणारी निघाली. कंपनीकडून निशिगंधा नावाची एक तरुण मॅनेजर आली. पुण्याची, हातात मोबाइल, बोलणं तडकफडक. तिचं म्हणणं, ऑफिस फार जुनाट दिसतं, आवक-जावकच्या टेबलावर कॉम्प्युटर हवा. तिनं तो आणलाच होता, कंपनीच्याच खोक्यातून. तिच्या माणसांनी रजिस्टर उचलून खाली ठेवलं आणि ते भलंमोठं पुठ्ठ्याचं खोकं भगवंतरावांच्या टेबलावर ठेवलं.

भगवंतरावांची भिवई आपोआप खाली आली.

चेतननं ते पाहिलं आणि कॅमेरामनला हळूच खूण केली. पुढचं बोलणं हिंदीत झालं, कारण ड्यूटीवर भगवंतराव हिंदीतच बोलत. मी मराठीत सांगतो.

"हे काय आहे?" भगवंतरावांनी विचारलं.

"कॉम्प्युटर," निशिगंधा म्हणाली.

"कुणाची मागणी?"

"मागणी कसली? आमच्याकडून आहे. फुकट."

"फुकट माल तर घेताच येत नाही. चलान कुठंय?"

"अहो काका, हे खरं ऑफिस नाहीये!"

"टेबल खरं आहे. मी खरा आहे. खोकं खरं आहे. चलान तेवढं खोटं का?"

निशिगंधाचा आवाज चढला. "मला तुमच्याशी बोलायचंच नाही. वरच्या माणसाला बोलवा. साहेब कुठे आहेत तुमचे?"

कोपऱ्यातल्या स्टुलावर खलीलभाई चपराशाच्या वेषात विडी विझवत बसले होते. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. "साब दौरे पे हैं," ते म्हणाले.

"साहेब अस्तित्वातच नाहीत!" ती ओरडली.

भगवंतरावांनी कोरा कागद तिच्यासमोर सरकवला. "हे लेखी द्या. तारीख घालून."

आणि ती रागारागानं खरंच लिहायला बसली. अर्धं वाक्य लिहून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण काय करतोय. तिनं वर पाहिलं तर कॅमेरा तिच्यावर होता आणि मेकअपवाली मुलगी पुन्हा एकदा बाहेर पळत होती.

निशिगंधा पाय आपटत निघून गेली. चेतनला वाटलं, गेला प्रायोजक. पण संध्याकाळी तिचा फोन आला. तिनं टेप पाहायला मागवली, कंपनीतल्या साहेब लोकांना दाखवली, आणि दुसऱ्या दिवशी कळवलं की भाग असाच्या असा जाऊ द्या. फक्त खोक्यावरचं कंपनीचं नाव जरा जास्त वेळ दिसावं. शिवाय एक विचारणा केली, तीही आडून आडून. तिच्यासाठी पुढं एखादा प्रसंग असेल का?

तो भाग गावानं पुन्हा पुन्हा मागवून पाहिला. सुलतान बाजारात दुकानदार गिऱ्हाइकाला 'चलान कुठंय' विचारायला लागले. निशिगंधा दर महिन्याला मालिकेत येऊन भगवंतरावांशी भांडून जाऊ लागली, आणि दर वेळी तिला खरोखरच राग येई. भगवंतरावांनी भिवईचं काम सोडून दिलं. खलीलभाईंचं पटलं म्हणून सोडलं की भांडणाच्या नादात विसरले, हे त्यांनाही सांगता येत नसे. तो भाग घरी पाहून झाल्यावर ते एवढंच म्हणाले, "पोरगी हुशार आहे. पण चलान पाहिजेच."

मालिका पुढं बरीच वर्षं चालली. मग ते केबलवाले एका मोठ्या कंपनीनं गिळले, आणि मोठ्या कंपनीला गावातलं काही नको होतं. गोदाम रिकामं झालं. चेतननं नंतर कोर्टाची एक मालिका काढली आणि भगवंतरावांना न्यायाधीश केलं. ती आपटली. भगवंतराव म्हणाले, "मला त्या कामाची माहिती नव्हती. मी नुसताच बसलो होतो."

पुढं शिल्पाचं लग्न ठरलं. मुलगा परभणीचा, त्या मंडळींनी मालिका कधी पाहिलीच नव्हती. काचीगुड्याच्या कार्यालयात रिसेप्शनला बघतो तर काय, रांग फाटकाबाहेर गेलेली. ऑटोवाले, बँकेतले बाबू, सिकंदराबादहून आलेली बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं. कुणालाच आमंत्रण नव्हतं. व्याही बावरले. गंगूबाई स्वयंपाक्याकडे धावल्या, भात आणखी टाका म्हणून. चेतन आणि खलीलभाई वाढपाला उभे राहिले.

भगवंतराव फेटा सावरत फाटकाशी गेले. गर्दी बघून त्यांना राहवेना.

"एकेक!" ते ओरडले. "ढकलायचं नाही. मुलीकडचे इकडं, मुलाकडचे तिकडं. आपण कुणाकडचे?"

"आपकेइच, साब," पुढचा ऑटोवाला म्हणाला.

भगवंतरावांनी त्याला नीट न्याहाळलं, थोडा विचार केला आणि हातानं वाट दाखवली. "मुलीकडचे. इकडून या. चपला रांगेत ठेवा."

साऱ्या रांगेत हशा पिकला. भगवंतरावांनी तो ऐकला, फेटा पुन्हा एकदा सावरला आणि पुढच्या माणसाकडे वळले.