एक ठोका दबका

चर्चची घंटा आधी बाईचा नवरा वाजवायचा. तो गेला आणि दोर तिच्या हाती आला. ‘झेपेल का?’ पाळकसाहेबांनी विचारलं होतं. ‘नवरा झेपला, तिथे घंटा कोण लागून गेली!’ ही म्हणाली. सगळे हसले, आणि तेव्हापासून ती घंटाबाई झाली. पण तेव्हा लढाई सुरू व्हायची होती.

लढाईत कुणी पडला की घंटेच्या लोलकाला एका बाजूने चामड्याची पट्टी बांधायची, अशी तिथली रीत. मग एक ठोका दबका पडतो, एक मोकळा. दबका मातीसाठी, मोकळा पुनरुत्थानासाठी. ऐकायला छानच! पण जिचा एकुलता एक पोरगा आघाडीवर आहे, तिला ती पट्टी बांधायला सांगून बघा. रविवार नसताना झगा घालून पाळकसाहेब मनोऱ्याकडे वळले की कुणीतरी पडलं, हे घंटाबाई ओळखायची. नाव दुसऱ्याचं निघालं की ती मनात म्हणायची, सुटले बाई! आणि मग त्या सुटकेचीच तिला लाज वाटायची. प्रभूनेही वधस्तंभाच्या आदल्या रात्री बागेत म्हटलं होतं, हा दुःखाचा प्याला टळू दे. पण शेजाऱ्याच्या ओठाला लाव, असं नव्हतं म्हटलं.

इतक्या जणांमागे ती पट्टी झिजून तिची चिंधी झाली. नवी शिवायला तिची मैत्रीण, गल्लीतली शिवणवाली, दुपारची मनोऱ्यात येऊन बसली. तिचाही पोरगा त्याच पलटणीत होता. सुई काही चामड्यात घुसेना.

‘मेलं गेंड्याचं कातडं आहे की काय!’

‘तुझ्या नवऱ्याचं असेल,’ घंटाबाई म्हणाली, आणि दोघी खुदकन हसल्या.

तेवढ्यात खाली जिना वाजला. पावलं जड, दर वळणावर थांबणारी. शिवणवालीने वाकून पाहिलं.

‘झगा आहे अंगात,’ ती म्हणाली.

दोघींनी एकमेकींचे हात घट्ट धरले. घंटाबाई मनात घोकू लागली. माझा नको रे देवा, माझा नको, माझा नको. शिवणवालीच्या बोटात सुई घुसली होती, तिला पत्ताच नव्हता.

पाळकसाहेब धापा टाकत वर आले. घंटाबाईकडे त्यांनी पाहिलंच नाही. ते सरळ शिवणवालीसमोर गुडघे टेकून बसले. ‘ताई,’ एवढंच म्हणाले.

‘देवा, तुझे उपकार!’ घंटाबाईच्या तोंडून निघून गेलं. चांगलं मोठ्याने.

बोललेला शब्द थोडाच गिळता येतो! पाळकसाहेबांनी मान खाली घातली. धरणीने पोटात घ्यावं असं घंटाबाईला झालं. शिवणवाली मात्र रडली नाही. तिने उरलेले टाके घातले, दोरा दाताने तोडला आणि पट्टी पुढे केली.

‘बांध.’

‘माझ्याच्याने नाही होणार गं. मी काय बोलले, ऐकलंस ना?’

‘ऐकलं. साहेब जिना चढत होते तेव्हा मीही म्हणत होते, देवा, हिचा असू दे.’

घंटाबाईने पट्टी बांधली. दोर धरला, पण ओढवेना. तिचा पोरगा अजून तिकडेच होता. शिवणवाली उठली आणि तिने तोच दोर मागून धरला.

‘तुझ्या पोरासाठी यापुढे मी प्रार्थना करीन,’ ती म्हणाली. ‘भीतीपायी तुला धड मागता येत नाही. मला आता कशाची भीती?’

आणि पहिला ठोका तिनेच दिला.