पांढऱ्या साडीवरचा कापूस

इंदूबाईचं नि माझं घर एका भिंतीचं. तिच्याकडं बुद्धाची तसबीर, माझ्याकडं देवीची. सकाळी दोन्हीकडं अगरबत्ती लागते ती बहुतेक एकाच वेळी. इंदूबाई सातवी शिकलेली आहे. गाव घाटंजीपासून सात किलोमीटर, वावर कोरडवाहू, तिचा नवरा डोमाजी.

कर्जापायी शेतकरी जीव देत होते त्या वर्षांत आमच्या भागात कॅमेरे घेऊन पुष्कळ लोक येत. पाराजवळ गाडी थांबवायचे, कोणाच्या घरी काय झालं ते विचारायचे आणि घरच्या बाईला दारात बसवून फोटो काढायचे. इंदूबाईच्या घरी तसं काही घडलेलं नव्हतं. तरी एकानं तिला वावरात उभं केलं. चप्पल काढून ठेव म्हणाला, पदर डोळ्याला लाव म्हणाला. तो फोटो कुठं छापला ते आम्हाला कधी कळलं नाही. घरी येऊन ती एवढंच बोलली, "काटे होते तिथं."

दोन हजार सातला आमच्या बचत गटानं फवारणीशिवाय कापूस लावला. पांढरकवड्याच्या एका संस्थेचे रोशनभाऊ हे काम बघत. दूरचे घेणारे आधी फोटो पाहतात, पसंत पडला तर नमुना मागवतात, असं त्यांनी समजावलं. मग पिशवीतून एक मोठा डिजिटल कॅमेरा काढला आणि त्याबरोबर एक जाड इंग्रजी पुस्तक. "कोण शिकते?" म्हणाले. बाया एकमेकींकडं पाहत होत्या. इंदूबाईनं हात वर केला.

"तुले काय येते वं त्यातलं?" गटातल्या पंचफुलानं विचारलं.

"काही नाही येत. पण आता आपला फोटो आपणच काढू."

कापूस आम्ही भुईवर ठेवत नाही. वेचणी सुरू करताना मी सीतादही करते, म्हणजे पऱ्हाटीच्या झाडाला दहीभात वाहते. इंदूबाई ते करत नाही, पण कापसाला मातीत टाकणं तिलाही चालत नाही. पौर्णिमेला विहारात जाताना नेसायची पांढरी साडी तिनं धुऊन अंगणात पसरली, त्यावर निवडून निवडून कापूस ठेवला, जवळ जाऊन फोटो काढले. रोशनभाऊ ते घेऊन गेले आणि पंधरा दिवसांनी परत आले.

"इंदूबाई, कापूस पावसात भिजल्यासारखा दिसते. मातकट. घेणाऱ्यानं नमुना मागवला नाही."

"भिजला नाही भाऊ. पाहा ना, हा काय."

"मी पाहतो, पण त्यांना फोटोच दिसते. पुढच्या बाजाराला मी येतो. तोवर जमलं तर ठीक, नाहीतर कॅमेरा महागावच्या गटाला द्या लागन. तिथं बारावी झालेली पोरगी आहे."

आठ दिवस होते. डोमाजी तरुणपणी यवतमाळला एका स्टुडिओत रोल धुवायला होता, त्यामुळं त्याला बोलायचा हक्क होता. "पांढऱ्यावर ऊन पडलं का फोटो बिघडते. सावलीत घे." तिनं सावलीत घेतला. कापूस तसाच. साडीलाच डाग दिसत असतील म्हणून तिनं माझी नवी पांढरी चादर मागून नेली आणि साडीवर अंथरली. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर बघितलं तर आणखी मळका. जितकं आम्ही पांढरं करायला जावं तितका तो काळवंडत होता.

"अजी, स्टुडिओत पाच वर्षं काय करत होते तुमी?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"रोल धूत होतो. याच्यात रोल कुठी हाय?"

मग तिनं पुस्तक काढलं. इंग्रजी वाचता येत नव्हतं म्हणून ती चित्रं बघत पानं उलटत होती. एका पानावर थांबली आणि मला भिंतीवरून हाक मारली. चित्रात पांढऱ्याच्या मोठ्या ढिगात एक माणूस टोपी घालून उभा होता. "हे पाहा. केवढा कापूस. याचा काहून पांढरा दिसून राह्यला?" मलाही तो कापूसच वाटला. तशीच जिनिंगमध्ये कापसाची गंजी असते. बाजूला तेच चित्र पुन्हा छापलेलं, त्यात ढीग राखेसारखा. अगदी आमच्या फोटोसारखा.

आम्ही पुस्तक घेऊन जफरभाईंकडं गेलो. ते मोटारपंप दुरुस्त करतात, त्यांची मेहनाज कॉलेजात जाते. मेहनाज पान बघून हसायला लागली.

"इंदूकाकू, हा कापूस नाही. बर्फ आहे."

"बर्फ? रसवंतीवाल्याकडचा?"

"आभाळातून पडते तो."

इंदूबाईनं चित्र पुन्हा पाहिलं. "बरं, असू दे. वाच तू."

मेहनाजनं शब्दकोश घेऊन ते पान सावकाश लावलं. कॅमेऱ्याला सगळं जग मधल्या रंगाचं वाटतं, म्हणून फार पांढरं दिसलं की तो आपणहून उजेड कमी करतो. पांढरं पांढरं यायचं असेल तर उजेड कमी नाही, वाढवायचा. हिरव्या खुणेवर कॅमेरा सगळं आपणच ठरवतो, म्हणून वरची चकती तिथून एक घर पुढं न्यायची, अधिक-उण्याचं बटण दाबून काटा अधिककडं सरकवायचा. एक, फार तर दीड.

"म्हंजे त्याईच्या बर्फाले अन आपल्या कापसाले एकच औषध," इंदूबाई म्हणाली.

बाजाराच्या दिवशी रोशनभाऊ आले. काचेवरचा फोटो त्यांनी बराच वेळ पाहिला. कापूस पांढरा होता, सरकीची टोकंसुद्धा दिसत होती.

"बटण दाबून पांढरा केला ना? मग भिजलेलाही पांढरा दिसन. घेणाऱ्यानं विश्वास कसा ठेवावा?"

याचं उत्तर पुस्तकात वाचलेलं नव्हतं. इंदूबाई उठली, पंचफुलाच्या घरी गेली आणि पावसात सापडलेला मूठभर कवडी कापूस घेऊन आली. साडीवर चांगला कापूस एका बाजूला, कवडी दुसऱ्या बाजूला. काटा न हलवता एकच फोटो काढला आणि कॅमेरा रोशनभाऊंच्या हातात दिला. एक पांढरा होता, दुसरा पिवळट, डागांसकट.

"बरं," ते म्हणाले. कॅमेरा त्यांनी पिशवीत भरला नाही. साडीवरच ठेवला. पुस्तकही.

पुढं पंचफुलानं तिचा कापूस जरा उजळ काढून दे म्हणून दोनदा सांगितलं. इंदूबाईनं दोन्ही वेळा जसा होता तसाच काढला, आणि पंचफुला महिनाभर तिच्याशी बोलली नाही. त्या वर्षाच्या शेवटी गटाचा फोटो काढायचा ठरला तेव्हा मात्र ती आली. आम्ही वावरात ओळीनं उभ्या राहिलो आणि सवयीनं दोघी-तिघींनी चपला काढल्या.

"घाला," कॅमेऱ्यामागून इंदूबाई म्हणाली. "काटे हायेत तिथं."