मागची अर्धी गाडी

त्या प्रवासाला निघताना परत यायचं नाही, एवढं मी मनाशी पक्कं केलं होतं. राज्यांची फेररचना होऊन नागपूर आमच्या राज्यातून गेलं त्याला थोडीच वर्षं झाली होती. किरनापूरजवळच्या आमच्या गावात माझे यजमान तापाने गेले. मूलबाळ नव्हतं. आजारपणात मी देवाला विनवून विनवून थकले, आणि ते गेले त्या दिवसापासून त्याच्याशी अबोला धरला. देव्हाऱ्यात दिवा लावायचंही सोडलं. अस्थी नर्मदेत सोडायच्या होत्या. अशा कामाला आमच्याकडे बायका जात नसत, पण मी हट्टाला पेटले. जिथे ते जातील तिथेच आपणही पाण्यात उतरायचं आणि वर यायचं नाही, असं माझं ठरलं होतं. सासऱ्यांना मी मामाजी म्हणे. माझ्याकडे पाहून ते एवढंच म्हणाले, "चाल पोरी."

आमच्यात रीत अशी, की अस्थी घरात आणत नाहीत आणि जमिनीवर टेकवत नाहीत. कापडात बांधून झाडाला टांगतात. नेतानाही वाटेत गेलेल्या माणसाला सांगत जायचं: आता घरून निघालो, आता गाडीत बसतो, आता नदी आली, चला. न सांगता पुढे गेलं तर जीव तिथेच वाट चुकतो म्हणतात. बालाघाटला छोट्या लाइनची गाडी आली तेव्हा मामाजी अस्थींच्या पुरचुंडीला हळूच म्हणाले, "चाल बाबू, आता गाडीत बसू."

ती गाडी म्हणजे खेळण्यातली वाटावी एवढीशी. यजमान तिची थट्टा करत, "हिच्यापरीस आपली बैलबंडी बरी." पण सातपुडा पाहावा तर हिच्याच खिडकीतून, असंही तेच म्हणत. धान कापून झालं की तुला जबलपूरपर्यंत फिरवून आणतो, खिडकीशी बसवतो, असं दर वर्षी कबूल करत आणि दर वर्षी काहीतरी आडवं येई. म्हणून मी ती पुरचुंडी खिडकीजवळच्या खुंटीला टांगली. बाहेर साग, बांबू, खोल दऱ्या. वळण आलं की आपलंच इंजिन धूर सोडताना दिसे. ते सगळं इतकं सुंदर होतं की मला त्याचा राग आला.

नैनपूरच्या पुढे एका चढावर गाडी दमून उभी राहिली. त्या लाइनवर हे नवं नव्हतं. लोक उतरून पाय मोकळे करू लागले. मामाजींना तहान लागली म्हणून मी त्यांना हात धरून खालच्या नाल्यावर नेलं. शिटी ऐकली, पण लगबगीने वर येऊन पाहते तर गाडी अर्धीच! ओझं फार झालं की इंजिनाला सगळी गाडी ओढवत नाही. मग ती मधून सोडतात, पुढचा भाग चढावरच्या स्टेशनात ठेवून येतात आणि नंतर मागचा नेतात. आमचा डबा पुढच्या भागात होता.

मामाजी रुळाशेजारी मटकन बसले. "पोराले सांगतलं बी नाही, आपन उतरून राह्यलो म्हनून," ते म्हणाले. "एकटाच गेला थो." मुलगा गेला तेव्हाही न रडलेला तो माणूस ओक्साबोक्शी रडू लागला. मला वाटलं, मरायलासुद्धा यजमानांची सोबत मिळू नये? मी रुळावरून वर चालत सुटले. गार्ड धावत येऊन आडवा झाला.

"बाई, पटरी से मत चलो. इंजन वापस आएगा, सबको ले जाएगा."

"कधी?"

"आएगा तब आएगा. बैठो."

मला त्याचा भयंकर संताप आला, पण मी मामाजींकडे मागे फिरले. मागच्या डब्यात अनोळखी माणसांत आम्ही बसलो. मामाजींनी माझा पदर मुठीत धरून ठेवला होता. मी मनातल्या मनात नर्मदेला शिव्या दिल्या. शिव्याही संपल्या तेव्हा म्हटलं, माय, आता माझ्या हातात काही नाही, तूच बघ. त्याला प्रार्थना म्हणता येणार नाही, मी हात टेकले होते.

इंजिन परत आलं तेव्हा ऊन उतरलं होतं. वरच्या स्टेशनात पोचताच मी आमच्या डब्याकडे धावले. खुंटी रिकामी होती. माझ्या तोंडून किंकाळीच निघाली.

"इकडे हाये, बाई," कोपऱ्यातून आवाज आला. आमच्याच बाजूची एक अनोळखी म्हातारी बसली होती. पुरचुंडी तिच्या मांडीवर, आणि तिचे दोन्ही हात पुरचुंडीवर.

"गाठ ढिली झालती. खाली कसं ठेवू? म्हनून मांडीवर घेतलं," ती म्हणाली. "आन् त्याइले सांगत होती, घाबरू नका, तुमची मानसं मागून येऊन राह्यली. इंजन एकच हाये, दोन खेपा लागतात. तुमी पुढं बसा निवांत. त्याइची खेप आली का थे येतीन."

इतके दिवस अडलेलं रडू तिच्या पायाशी बसून बाहेर आलं. ती पाठीवरून हात फिरवत राहिली. पुढच्या कुठल्याशा लहान स्टेशनावर ती उतरली, नाव विचारायचं राहून गेलं. माझ्या मनात काय होतं ते मी कोणालाच बोलले नव्हते, मामाजींनाही नाही. तरी ती जे यजमानांना सांगत होती, ते मलाच सांगितल्यासारखं वाटलं.

जबलपूरजवळ नर्मदेच्या ग्वारीघाटावर मामाजींनी अस्थी सोडल्या. मी शेजारी कमरेएवढ्या पाण्यात उभी होते. यजमानांना म्हटलं, तुम्ही पुढे बसा, माझी खेप येईल तेव्हा मी येईन. मी वळले, पण मामाजी वळेनात. पाण्याकडे पाहत ते एकेक पाऊल आत टाकत होते. घरापासून पोराला चाल म्हणत आलेल्या त्या म्हाताऱ्याला कोणीच चला म्हटलं नव्हतं. मी त्यांचा हात घट्ट धरला. "मामाजी, चला. घरी जाऊ."

ते थांबले. "हौ पोरी," म्हणाले, आणि माझ्याबरोबर काठावर आले.

दुःख कमी झालं असं मी म्हणणार नाही. पुढे मामाजींच्या अस्थीही मीच त्या गाडीने नेल्या, आणि चढावर उतरताना त्यांना सांगून उतरले. त्या म्हातारीला आणि नर्मदामाईला हात जोडून रोज संध्याकाळी दिवा लावते. माईकडे एवढंच मागते, की पुढे गेलेल्यांना मांडीवर घे. मी मागच्या डब्यात बसून आहे.