बाळाला नव्हे, बाळंतिणीला बघायला येणारी काकी

इंदूकाकी गेल्याचं मला सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं. टाकी धुण्याची सूचना आणि पार्किंगवरून चाललेलं नेहमीचं भांडण, या दोहोंच्या मध्ये तो निरोप होता. मी लेकाचा शाळेचा डबा भरत होते, हातातली पोळी हातातच राहिली... काकी आमच्या मुलुंडच्या इमारतीत तळमजल्यावर राहायच्या. आमचं नातं म्हणाल तर काहीच नव्हतं. त्या मालवणच्या, मी नाशिकची. गिरणी बंद पडल्यावर त्यांचे यजमान लालबागची खोली विकून इकडे आले, तेव्हा माझा जन्मही झाला नसेल. लग्न होऊन मी इथे आले तरी बरीच वर्षं आमची ओळख जिन्यात समोरासमोर आल्यावर हसण्यापुरतीच होती.

मग मला मुलगा झाला आणि घरात जत्रा भरली. झबली, टोपडी, चांदीचे वाळे, एकाच छापाचे तीन रबरी जिराफ. नाक कोणाचं, कपाळ कोणाचं, यावर दोन्ही घरच्या मंडळींनी हिरिरीने चर्चा केली. पुढे आई नाशिकला परतली, नवरा ऑफिसला जायला लागला, जत्रा उठली आणि घरात मी आणि बाळ असे दोघेच उरलो. ते रडायचं. मीही रडायचे, फक्त शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून पंखा मोठा करायचे. बाळाला बघितलं की माया कशी दाटून येते, असं सगळ्यांनी सांगितलं होतं. मला काही दाटून येत नव्हतं. आपल्यात आई होण्यासारखं काही नाहीच की काय, ही भीती तेवढी सतत वाटायची. आणि असलं कोणाला सांगणार? लोक तोंडात शेण घालतील.

अशाच एका सकाळी बेल वाजली. दारात काकी, हातात पिशवी नाही की डबा नाही. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्यापर्यंत चढून त्यांना धाप लागली होती. मी सवयीने बाळ पुढे केलं. त्यांनी ते खांद्यावर टाकलं आणि बघत राहिल्या माझ्याकडे. माझ्या गाऊनवर दुधाचे डाग, डोक्यावर केसांचा गुंता.

"डोक्यावरना कधी न्हालंस?"

मला आठवेना.

"जा, न्हावन ये. घाई करू नको. ह्यो रडलो तर रडांदे, मी आसंय."

मी गेले. बादलीभर कढत पाणी डोक्यावरून घेतलं आणि पोटभर रडून घेतलं. बाहेर आले तेव्हा काकींच्या कुशीत बाळ शांत झोपलं होतं, असं लिहायला मला आवडलं असतं. पण चिरंजीव बेंबीच्या देठापासून ओरडत होते आणि काकी निवांत येरझाऱ्या घालत होत्या. "आवाज खणखणीत आसा," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या.

मग त्या येतच राहिल्या. बाळाला कधी "कित्ती गोड" म्हणाल्या नाहीत. मला मात्र "जेवलंस?" विचारल्याशिवाय टेकायच्या नाहीत. एकदा माझ्या तोंडून निघूनच गेलं, "काकी, मला याच्याबद्दल काही वाटतच नाही हो. मी वाईट आई आहे का?"

"वाईट खंयची... दमलंस तू." मग त्यांनी आपल्या मुलीची, मालाडला दिलेल्या सुजाताची गोष्ट सांगितली. पहिल्या बाळंतपणानंतर ती सारखी म्हणायची, आई, मला जमत नाही. आणि काकींचं ठरलेलं उत्तर, आमी काय पोरां वाढवूक नाय? दर रविवारी अळिवाचे लाडू घेऊन त्या मालाडला जायच्या, नातवाचे मुके घेऊन परत यायच्या. नातू चालायला लागल्यावर एक दिवस सुजाता सरळच म्हणाली, "तू बाळाला बघायला यायचीस गं आई. मला बघायला कोणीच आलं नाही."

"मी काय्येक बोलूक नाय," काकी मला म्हणाल्या. "काय बोलतलंय? खरांच होतां तां."

माया मला आली, पण उशिरा आणि थोडीथोडी. तोवर मला कोणी तरी धरून ठेवायला हवं होतं, ते काकींनी केलं. माझं लेकरू आणि मी, दोघंही त्यांच्या ऋणात आहोत, आणि हे ऋण फेडायची मला अजिबात घाई नाही.

आधी दुकानात एखादं पोर जमिनीवर गडाबडा लोळायला लागलं की मी नवऱ्याकडे बघून भुवया उडवायचे, काय वळण लावलंय! आता माझी नजर आधी आईच्या चेहऱ्याकडे जाते. काकींचे गुडघे गेल्यावर त्यांनी मला फर्मानच सोडलं, "तिसऱ्या माळ्यार नवी बाळंतीण इली हा. तू जा." मी रिकाम्या हातांनी गेले. ती पोरगी माझ्याकडे बघून गोंधळली, मीही गोंधळले, पण शेवटी तिच्या न्हाणीघरातून पाण्याचा आवाज आला.

तेरावं झाल्यावर संध्याकाळी मी खाली गेले. सुजाताताई एकट्याच आईच्या साड्यांच्या घड्या घालत बसल्या होत्या. सांगावं की नाही, मी बराच वेळ घुटमळले. घरातल्या मायलेकींचं बोलणं, आपण मध्ये कोण? पण न सांगता परत जाववेना. मी सगळं सांगितलं... न्हाणं, येरझाऱ्या, आणि काकींनी मला सांगितलेलं सुजाताताईंचं ते वाक्य, "मला बघायला कोणीच आलं नाही."

त्यांच्या हातातली साडी तशीच राहिली. "मी ते एकदाच बोलले होते गं. ती काही न बोलता उठून चहा टाकायला गेली. मला वाटलं, तिला ऐकूच गेलं नाही. मग मीही पुन्हा कधी काढलं नाही."

साडी बाजूला ठेवत त्यांनी विचारलं, "आई अजून कोणाकोणाकडे जायची?"

"चला," मी म्हटलं.

आम्ही जिना चढायला लागलो. पहिल्या मजल्यावर जिच्या बाळंतपणात काकी जायच्या, तिच्या दाराची बेल मी वाजवली. दार उघडलं तशी मी म्हटलं, "या सुजाताताई, काकींची लेक. काकी शिकल्या त्या यांच्याकडून."