चेसीवर ओतलेलं पाणी

माझ्या थोरल्या भावाला मोटार चालवता येत नव्हती. त्याला ती मिरवता येत होती. दोघांच्या पैशांनी घेतलेली ती जुनी विलायती मोटार आम्ही कारंजा ते कामरगाव भाड्यानं चालवायचो. चालवायचो म्हणजे मी चालवायचो. तो पुढच्या सीटवर पान चघळत बसायचा आणि उतारूंना सांगायचा, "मोटर आपली हाय."

एकोणीसशे पन्नासचं दशक नुकतंच लागलं होतं. हंगामाचे दिवस, रस्ताभर कापसाच्या गाड्या. मी तापानं अंथरुणाला खिळलेलो पाहून हा शहाणा मोटार घेऊन निघाला. समोरून भरलेली बैलगाडी आली. बाजूला कोणी व्हायचं यावर हा अडून बसला. बैलांना काय कळणार याचा मोठेपणा! चाकाच्या मधोमध पुढे आलेला लाकडी तुंबा मोटारीच्या डाव्या अंगात घुसला. बैल वाचले, हाही वाचला. चेसी, म्हणजे ज्याच्यावर सगळी मोटार उभी असते तो खालचा लोखंडी सांगाडा, पुढून आत दबली.

"मडगार्ड ठोकून घे, बस," असं त्यानं मला घरी येऊन सांगितलं. ताप उतरायच्या आधीच माझं डोकं भणाणलं.

अकोल्याच्या वर्कशॉपात मी उमेदवारी केली होती. वाकडी चेसी रस्त्यावर काय करते ते मला ठाऊक होतं. मोटार अकोल्याला नेऊ म्हटलं तर तो अंगावर आला. त्याच्या मेव्हण्याचं लग्न तोंडावर होतं. बायको आणि दोन पोरं घेऊन कामरगावला सासऱ्याच्या दारात मोटारीतून उतरायचं, हे त्यानं आधीच सगळ्यांना सांगून ठेवलेलं.

"मले तिथं मोटर उभी कराची हाय. बैलगाडीत जाऊ काय भिकाऱ्यावानी?"

मग काय, गल्लीतल्या लोहाराच्या अंगणात मोटार ओढत नेली. लोहार बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धाव, म्हणजे बाहेरचं कडं, चढवण्यात पटाईत, पण चेसी त्यानं जन्मात पाहिली नव्हती. मी बॉनेट, रेडिएटर, चाक काढलं. चेसीच्या कोपऱ्यापासून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंत सुतळी धरली, मग दुसऱ्या तिरप्या अंगानं धरली. दोन्ही सारख्या भरल्या की चेसी सरळ. दबलेल्या जागेभोवती कोळसे पेटवले, भाता लावला, अंगणातल्या कडुलिंबाच्या बुंध्याला साखळी बांधून थोडं थोडं ओढत राहिलो. भाऊ खाटेवर बसून "झालं काय?" विचारत होता. दर वेळी मला वाटे, हातातला घण तिकडे भिरकवावा.

दिवस कलता कलता दोन्ही सुतळ्या सारख्या आल्या. मी लोहाराला बजावलं, "आता गरम राख टाकून झाका. आपोआप थंड होऊ द्या. उद्या दिवसभर हात लावू नका."

"उद्या? उद्या सकाळी तं निंगाचं हाय!" भाऊ खाटेवरून उठला.

आमच्या गल्लीत धाव चढवली की शेजारपाजारचे सगळे पाणी घेऊन धावायचे. तापलेली धाव पाण्यानं आवळते आणि चाकावर घट्ट बसते, म्हणून. लाल लोखंड दिसलं की बादली घेऊन पळायचं हे तिथल्या माणसांच्या अंगात भिनलेलं होतं. त्या दिवशीही बायाबापडे घागरी घेऊन कुंपणाशी उभेच होते.

"पाहून काय राह्यले? टाका न पानी!" भाऊ ओरडला आणि पहिली घागर त्यानंच रिकामी केली.

"पानी नका टाकू! धाव हाय काय ते?" साखळी सोडायला खाली शिरलेला मी चेसीखालून ओरडलो.

"लोखंडच हाय ना!" म्हणत लोहारानंही बादली उचलली. मग घागरीमागून घागरी. वाफेनं माझा हात भाजला. मी बाहेर आलो तेव्हा सगळे हसत होते, गावातलं मोठं काम उरकल्यासारखे.

"पाह्य, सरय झाली. मंग?" भाऊ म्हणाला.

सरळ होतीच ती. मीच केली होती. पण एकदम पाणी मारलेलं ते पोलाद आता ठिसूळ झालं होतं, आणि उद्या त्यावर वहिनी आणि दोन पोरं बसणार होती. मी सांगितलं. तो म्हणाला, "तुह्या पोटात दुखून राह्यलं."

मी घण उचलला आणि सगळ्यांदेखत त्या जागेवर घातला. कट्ट आवाज आला. चेसीची पट्टी खालच्या कडेपासून वरपर्यंत तडकली.

"मोडली! यानं माही मोटर मोडली!" भाऊ छाती बडवत ओरडला. घागर घेऊन उभा असलेला प्रत्येक माणूस त्याच्या बाजूनं बोलला. पाणी कोणी टाकलं, हे त्यांतल्या एकानंही उच्चारलं नाही. त्या माणसांची मला अजून किळस येते.

दुसऱ्या दिवशी ते बैलगाडीनं गेले. भावानं माझ्याकडे पाठ केली होती. वहिनी मात्र नजर रोखून म्हणाली, "भाऊजी, माह्या भावाच्या लग्नाले मले मोटरीत नाई जाऊ देल्लं तुमी. मी ध्यानात ठेवीन." धाकटी पोरगी तिच्या मांडीवर झोपली होती.

वहिनीनं शब्द पाळला. ती पोरगी मोठी झाली, तिचं लग्न ठरलं. आमंत्रणाच्या अक्षता साऱ्या गल्लीत घरोघर दिल्या आणि माझ्या दारावरून पुढं नेल्या.