टेक्सासचे आबासाहेब आणि मी लावलेलं फाटक

निवडणुकीला उभा राहूनही खोटं न बोललेला एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि त्याला घरी बसवण्याचं काम माझ्या हातून झालं. आम्ही राहत होतो त्या अर्विंगपासून दोन तास पश्चिमेला त्यांची गुरांची रँच होती. टोपी, मिशा आणि खुर्चीतलं ते ऐसपैस बसणं पाहून माझ्या बायकोने पहिल्याच भेटीत त्यांचं नाव आबासाहेब ठेवलं. खरं नाव आमच्या घरात पुढे कुणी घेतलंच नाही. ते कौंटी कमिशनर होते, म्हणजे आपल्याकडचे जिल्हा परिषदेचे सभापती समजा, फक्त लाल दिव्याशिवाय आणि हारांशिवाय. २००१ साली त्यांच्या कचेरीत जमिनीच्या नोंदींचं सॉफ्टवेअर बसवायला कंपनीने मला पाठवलं होतं. त्या सप्टेंबरात न्यूयॉर्कचे मनोरे पडले, त्यानंतर गावच्या खानावळीत माझ्या टेबलाशी कुणी बसेना. तेव्हा आबासाहेब रोज दुपारी माझ्यासमोर येऊन बसत आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, "प्रोफेसर, जरा मीठ दे." मी प्रोफेसर नव्हतो. आणि मीठ त्यांना डॉक्टरने बंद केलेलं होतं.

त्यांचे पणजोबा गुरं हाकत आले आणि पाणी दिसलं तिथे थांबले. आजोबा शेरीफ झाले. त्यांनी वासरू चोरल्याबद्दल सख्ख्या भावाला कोठडीत टाकलं आणि रविवारचं जेवण त्याच्याबरोबर आत बसून केलं. वडील आयुष्यभर कमिशनर. शेवटी शेवटी त्यांची स्मरणशक्ती गेली. सकाळी टोपी घालून ट्रकमध्ये जाऊन बसत, मीटिंगला उशीर होतोय म्हणत. आबासाहेब त्यांना रँचभोवती एक फेरी मारून आणत आणि उतरवताना सांगत, "मीटिंग छान झाली. तुमचा ठराव पास झाला." हे सांगताना ते हसत, पण ती एकच गोष्ट ते कधी दोनदा सांगत नसत.

मतं मागायला ते नेहमी मागच्या दाराने जात. "पुढचं दार पाद्र्याचं आणि बँकवाल्याचं. मत मागणाऱ्याने स्वयंपाकघरातूनच यावं." भाषण चार वाक्यांचं. "रस्ता वाईट आहे. पूल त्याहून वाईट आहे. दोन्ही होणार नाहीत. पूल करीन." एकदा सभेत एकजण उठून म्हणाला, "आणि माझ्या घरापुढचा रस्ता?" आबासाहेब म्हणाले, "तुझा तर मुळीच होणार नाही." तो माणूस पुढे त्यांचा प्रचार करत हिंडला. एकदा ऐन ठरावाच्या वेळी गाय अडल्याचा निरोप आला, तर हे उठून चालायला लागले. "ठराव उद्या होईल, वासरू थांबणार नाही." आमच्या घरची शेंगदाण्याची चटणी त्यांना इतकी आवडे की बरणी ट्रकमध्येच असे. तीच चटणी आम्हा शाकाहाऱ्यांच्या डोळ्यांदेखत मांसावर पसरून ते म्हणत, "तुम्ही हिरवं खा, मी हिरवं खाणाऱ्यांना खातो. भांडण कुठे आहे?"

२००६ मध्ये ते राज्याच्या विधानसभेला उभे राहिले. पक्षातली लढत वसंतातच जिंकली होती. त्या भागात एकाच पक्षाचा जोर, म्हणजे नोव्हेंबरची मोजणी उपचारापुरतीच उरते. त्यांची वेबसाइट मी हौसेने करत होतो. ऑगस्टमधल्या एका शनिवारी गुरांचे फोटो काढायला मी एकटाच खालच्या कुरणात गेलो. दुष्काळाचं वर्ष, गवत कागदासारखं वाजत होतं. परतताना मधलं फाटक सताड उघडं दिसलं. उघडं दार दिसलं की लावून घ्यायचं, हे माझ्या हाडात मुरलेलं. मी ते ओढलं, साखळी घातली, वर दोनदा हलवून पाहिलं. चांगलं काम केल्याचं समाधानसुद्धा वाटलं.

त्या मोसमात पाणी उरलं होतं ते फक्त खालच्या कुरणात, म्हणूनच वरच्या गुरांसाठी फाटक उघडं होतं. आबासाहेब तीन दिवस प्रचाराला बाहेरगावी होते. परत आले तेव्हा अकरा गाई फाटकाला लागून मेलेल्या होत्या.

त्यांचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होतो. "शहरातली माणसं फाटक उघडं टाकून जातात, लावत कुणी नाही," ते म्हणाले, "म्हणजे मीच लावलं असणार. मला आठवतच नाही, प्रोफेसर. बापाचंही असंच सुरू झालं होतं." बोलायची वेळ तीच होती. मी म्हणालो, "सो सॉरी."

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "अरे, आत्ता कॉल कर ना! फार तर काय, ओरडतील."

"उद्या करतो."

"तुझा उद्या म्हणजे त्यांची निवडणूक आहे, कळतंय का तुला?"

मला कळत होतं. तरी आठवडा गेला, आणि त्यांनी नाव मागे घेतल्याची बातमी आली. डॉक्टरने त्यांना तपासून काही झालेलं नाही म्हणून सांगितलं होतं. त्यावर ते म्हणाले म्हणे, "डॉक्टर दुसऱ्या पक्षाचा आहे." निवडून आला तो घरं बांधून विकणारा एक माणूस, त्याची टोपीसुद्धा प्रचारासाठी घेतलेली. पुढच्या वर्षी डॅलसला राहणाऱ्या त्यांच्या मुलाने कागदांवर सह्या घेऊन रँचचा कारभार हातात घेतला आणि गुरं विकून टाकली. आबासाहेबांनी हूं की चूं केलं नाही. ज्याला स्वतःचाच भरवसा नाही, तो भांडणार कशाच्या जोरावर?

२००८ च्या वसंतात मी गेलो. पोर्चवर ते आणि त्यांची बायको बसली होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.  ते बायकोकडे वळून म्हणाले, "ऐकलंस? मी विसरलो नव्हतो." ती माझ्याकडे एकदा बघून आत निघून गेली. जाळीचं दार आपटलं.

"मी तासभर शिव्या दिल्या असत्या," आबासाहेब म्हणाले. "फार तर दोन तास. मग आपण जेवलो असतो."

मी माफी मागायला लागलो. त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि खिशातली वही-पेन पुढे केली. "हे लिहून दे. मुलाला दाखवायचंय." मी तीन ओळी लिहिल्या, सही केली. त्यांनी वाचून कागद परत दिला. "तारीख घाल. आजची नको, त्या शनिवारची." मी घातली.

कागद त्यांच्या हातात दिला. मी गाडीत बसलो, वळवली. आरशात ते दिसत होते. चष्मा जवळ नसावा, कारण कागद हातभर लांब धरून, ओठ हलवत, ते पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचत होते.