त्या रविवारी जीप संगीताने चालवली

मागच्या रविवारी सकाळी सातपुड्यात आम्ही तंबू आवरत होतो... आणि हेमंतची मुलगी तनू बूट घालता घालता किंचाळली. बूट झटकला तर आतून तांबडा विंचू खाली पडला.

हेमंत माझा शाळेपासूनचा मित्र. त्याला फोर बाय फोर गाड्यांचं वेड. दिवाळीनंतर त्याने तीन कुटुंबं आणि तीन जीप गोळा केल्या आणि शहाद्याहून आम्हाला धडगावकडच्या डोंगरात कॅम्पिंगला नेलं. रूमसिंगदादा म्हणून एक पावरा आदिवासी शेतकरी आहेत. त्यांनी त्यांच्या शेताच्या कडेला तंबू ठोकू दिले.

शेत नाल्याच्या पलीकडे. शनिवारी आलो तेव्हा नाल्यात घोट्याएवढं पाणी होतं, पोरं गाडीतून उतरून त्यात नाचली. रात्री वरच्या डोंगरात कुठेतरी जोरात पाऊस झाला असावा... सकाळी तोच नाला गढूळ होऊन मांडीपर्यंत वाहत होता. दुपारपर्यंत ओसरेल, मग निघू, असं आमचं ठरलं होतं.

तनू आठ वर्षांची. दहा-पंधरा मिनिटांत ती घामाने चिंब झाली, मग उलटी झाली, हातपाय गार पडले. तिची आई ज्योती तिला कवटाळून बसली होती. तिसरं कुटुंब बाकीच्या मुलांना घेऊन टेकडीवर गेलेलं. फोनला रेंज नाही. दवाखाना पाऊण तासावर... आणि मध्ये हे पाणी.

हेमंतने तनूला आणि ज्योतीला मागे बसवलं आणि जीप नाल्यापर्यंत आणली. असे नाले त्याने कितीतरी वेळा पार केले आहेत. पण त्या दिवशी त्याचा पाय क्लचवर ठरेना. गाडी दोनदा बंद पडली. तो स्टिअरिंगवर डोकं टेकून नुसता बसून राहिला.

खरं सांगतो, तेव्हा मी पुढे व्हायला हवं होतं. माझी स्वतःची जीप आहे... पण ती मी आदल्या दिवशी हेमंतच्या मागे मागे आणली होती, एवढंच. मी पाण्याकडे बघत उभा होतो.

माझी बायको संगीता पुढे झाली. मी कॉलेजात शिकवतो, लोणखेड्याची आमची शेती तीच बघते. केळीच्या चिखलात ट्रॅक्टर घालते. जीपला मात्र तिने कधी हात लावलेला नव्हता... लावू दिलेला नव्हता म्हणा.

ती हेमंतला म्हणाली, "भाऊ, तुमी पोरले धरीसन मांगे बसा. गाडी मी चालाडस."

हेमंत उतरून मागे गेला. मी तिच्या शेजारी बसलो आणि तिला लो गिअरची दांडी दाखवायला लागलो. तिने ती माझ्याआधीच ओढली. "ट्रॅक्टरले बी हाय-लो ऱ्हास," एवढंच म्हणाली.

तोवर आरडाओरडा ऐकून रूमसिंगदादा आले. पन्नाशी ओलांडलेले, अंगाने काटक. त्यांनी काय झालं ते विचारलं, तनूकडे एकदा पाहिलं आणि कुंपणाचा एक बांबू उपसून सरळ पाण्यात उतरले. त्यांना मराठी थोडं येतं, संगीताला पावरी अजिबात नाही. त्यांनी हाताने खूण केली, माझ्या मागे ये.

ते बांबूने तळ चाचपत एकेक पाऊल टाकत होते आणि संगीता त्यांच्या पाठीवर नजर ठेवून जीप पुढे नेत होती. रस्ता सरळ दिसत होता, पण ते डावीकडे वळले, कारण तळाशी पक्का खडक तिकडे होता. तीही वळली. मध्यावर पाणी दारातून आत आलं, एक चाक दगडावर चढून गाडी कलली. मी दाराची कडी घट्ट धरली. तिने ना रेस वाढवली, ना क्लच दाबला. गाडी हळूच सरळ झाली.

पलीकडचा चढ निसरडा होता. पहिल्यांदा चाकं जागीच फिरली. तिने गाडी थोडी मागे घेतली, तिरकी लावली आणि वर काढली. मागे वळून पाहिलं तर दादा अजून पाण्यातच उभे होते... जा, जा, असा हात करत.

पुढचा सगळा घाटही तिनेच उतरवला. डॉक्टरांनी लगेच उपचार सुरू केले. वेळेवर आणलंत, म्हणाले. दुपारपर्यंत तनूचे हात पुन्हा गरम झाले आणि तिने बिस्कीट मागितलं... तेव्हा हेमंत पहिल्यांदा रडला.

संध्याकाळी बाकीच्यांना आणायला मी आणि संगीता परत निघालो. निघताना मी आपणहून शेजारच्या सीटवर जाऊन बसलो. वाटेत तिला विचारलं, भीती नाही वाटली?

तिने आधी समोरचा खड्डा चुकवला. मग म्हणाली, "भीती तं वाटनी. पन तो मानूस मन्हा पुढे पानीमा चाली ऱ्हायंता... मी तं गाडीमा बशेल व्हतू."

नाला बराच ओसरला होता. रूमसिंगदादा शेतात ज्वारी कापत होते. आम्हाला बघून विळा खाली ठेवला आणि आधी पोरगी कशी आहे ते विचारलं. बरी आहे म्हटल्यावर मान हलवली आणि पुन्हा कापायला लागले. आभाराचे जे शब्द मी वाटेत जुळवले होते, ते माझ्याकडून नीट बोललेच गेले नाहीत.

म्हणून इथे लिहितोय. अकरा वर्षं जिच्यासोबत राहतो ती बाई आणि जेमतेम एका दिवसाची ओळख असलेला तो माणूस... दोघांचाही मी आयुष्यभर ऋणी आहे.